कच्च्या पाण्याचं पातं

टोमॅटो कापला गेला नाही, चेपला गेला. पातं सालीवर टेकलं, साल आत दबली, त्याने थोडा जोर केला, आणि ते फळ एकाएकी फुटून त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर उडालं. "टोमॅटोला गुदगुल्या करताय का?" बायको म्हणाली. तिने त्याच्या हातातून उरलेला टोमॅटो घेतला आणि आपल्या जुन्या सुरीने त्याच्या चकत्या करून टाकल्या. तिच्या सुरीची मूठ चिरलेली होती, वर दोरा गुंडाळलेला होता, आणि धार लावायची तर ती मागच्या दाराच्या पायरीवर चार वेळा घासून घ्यायची, बस. मुलगी कामावर जायच्या घाईत उभ्याउभ्या चहा पीत होती. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, चाकूकडे पाहिलं, कप धुऊन पालथा घातला आणि पायात चपला सरकवून निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण ती या घरात गरजेपुरतंच बोलत असे, आणि टोमॅटो ही काही गरज नव्हती.

चाकू घडीचा होता, खिशात मावणारा, काळ्या लाकडाच्या मुठीचा. निरोपाच्या दिवशी कारखान्याने तो मखमलीच्या पेटीतून त्याच्या हातात ठेवला होता. पात्यावर कारखान्याचं चिन्ह आणि त्याखाली 'कृतज्ञतापूर्वक' असं कोरलेलं. चाकू, कात्र्या, माळ्याच्या कैच्या यांचा कारखाना. त्यात त्याचा सगळा जन्म तपासणी खात्यात गेला. भट्टीतून तापून, तेलात बुडवून, पाणी दिलेलं प्रत्येक पातं त्याच्या यंत्राखाली यायचं. हिऱ्याचं एक बारीक टोक पात्याच्या शेपटावर, म्हणजे पुढे मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर, दाबायचं, काटा फिरायचा, शेपटावर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडायचा. काटा जिथे पोचायला हवा तिथे पोचला तर पास. अलीकडेच थांबला तर पाणी कच्चं, पोलाद मऊ, पातं नापास. मग तो ब्रश उचलायचा आणि शेपटावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. लाल पट्टा म्हणजे परत भट्टीत. काट्याचा केसभर फरकही तो सोडत नसे, म्हणून सगळा कारखाना त्याला पाठीमागे 'नापास' म्हणत असे, आणि पुढे पुढे तोंडावरही. त्याला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट मनातून तो सुखावलाच होता. नाकावर माशी बसू न देणारा एक तरी माणूस कुठल्याही ठिकाणी लागतो, आणि इथे तो आपण आहोत, असं त्याला वाटायचं.

टोमॅटोच्या दिवसापासून त्याने चाकू मनावर घेतला. खिडकीपाशी टेबल ओढलं, जुन्या टॉवेलची घडी घातली, तिच्यावर धारेचा दगड ठेवला, वाटीत पाणी. पातं दगडावर तिरकं धरायचं आणि पुढे ढकलायचं. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर वळते, बोटाला खरखरते, कारखान्यात तिला बर म्हणत. बर आली म्हणजे धार काठापर्यंत पोचली. ती काढली की झालं. त्याला हे झोपेतही करता आलं असतं. बर आली. काढली. कागद घेतला, कागद कापला गेला नाही, फाटला. पुन्हा घासलं. पुन्हा बर आली, आणि या वेळी ती जाईचना. या बाजूने काढावी तर त्या बाजूला झुकायची, लाचार माणसासारखी. त्याला वाटलं, कोन चुकतोय. मग त्याने पात्याच्या काठाला निळ्या शाईच्या पेनाने रंग लावला आणि एकदाच दगडावर फिरवलं. जिथे दगड लागतो तिथली शाई जाते, जिथे लागत नाही तिथली राहते, यात फसवाफसवीला जागा नाही. शाई काठापर्यंत साफ गेली होती. कोन बरोबर होता. मग दगड. दगडाचं तोंड बुजलं असेल. त्याने तो पाण्यात भिजत घातला, दुसऱ्या खरबरीत दगडावर घासून सपाट केला. राखाडी चिखल सगळ्या मोरीत झाला. "अंगण किती वाकडं आहे ते मोजून झालं की सांगा," बायको मोरी धुताना म्हणाली, "म्हणजे नाचायला मोकळे." तो हसला नाही. तिची म्हण पुरी व्हायच्या आतच त्याची नजर स्वतःच्या हातांकडे गेली होती.

कारण कोन नाही, दगड नाही, तर उरला तो हात. धार एका क्षणी लागत होती खरी. अंगठ्याच्या नखावर ती अडायची, दंडावरचे चार केसही जायचे. पण एक दोरी कापली, एक सफरचंद सोललं, की पुन्हा बोथट. म्हणजे शेवटच्या ओढीत हात कुठेतरी डळमळत असणार. त्याने हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. थरथरत नव्हते. पण थरथर नेहमी दिसते थोडीच? कारखान्यात तो शिकाऊ माणसांना सांगायचा, दोष दिसत नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे. प्रत्येक दोषाला राहायला घर असतं, ते शोधायचं. आता त्याच्या लक्षात आलं की टेबलाशी बसल्यापासून आपण खालच्या आवाजात स्वतःशी बोलतोय, आणि ते त्या खात्यातल्या आवाजात. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. दगडावर पातं सरकण्याचा आवाज खोलीत भरून राहायचा. सुर्र, आणि मग थांबणं, सुर्र, आणि मग थांबणं. त्या थांबण्यात नको त्या गोष्टी येऊन बसायच्या.

त्यातली एक म्हणजे तो माणूस. मुलीने त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी आणलं होतं. दोन वेळा आला होता. इमारतींचे नकाशे काढायचा, हसताना मान एका बाजूला टाकायचा. पहिल्या भेटीत त्याने खुर्ची न विचारता ओढून घेतली आणि वाक्य अर्धं सोडून मुलीकडे पाहिलं, तिने पुरं करावं म्हणून. दुसऱ्या भेटीत त्याने नोकरी बदलणार असल्याचं सांगितलं, आणि कुठे जाणार हे त्यालाच नीट माहीत नव्हतं. तो गेल्यावर बाप म्हणाला होता, "पाणी कच्चं आहे. वाकेल." बायको म्हणाली, "अहो, माणूस आहे तो." तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय. पात्याला परत भट्टीत घालता येतं." मुलगी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला नुकतीच लागली होती. ती भिंतीला टेकून उभी होती. ती भांडेल म्हणून त्याने चार मुद्दे तयार ठेवले होते. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली, आणि तो माणूस पुन्हा आला नाही. पुढे आणखी दोघांची नावं निघाली, ती कुणी नातेवाइकांनी काढली होती, तीही त्याने पारखली आणि बाजूला ठेवली. मग नावं निघेनाशी झाली. नकाशेवाल्याने यथावकाश दुसरीकडे लग्न केलं. त्याचं कसं काय चाललंय याची याने कधी चौकशी केली नाही. चांगलं चाललं असतं तर ते ऐकायचं नव्हतं.

पोलादाचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. तो पहिल्याच दिवशी आला होता आणि त्याने तो बाहेरच्या माणसासारखा दारातून परत पाठवला होता. आज ना उद्या त्याला आत घ्यावं लागणार हेही त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो शाई, दगड, हात असा वळसा घालत बसला होता. कारण पातं मऊ असेल तर दोनच गोष्टी शक्य होत्या. त्याच्या कारखान्याचं पातं, म्हणजे त्याच्याच यंत्राखालून गेलेलं. एक तर त्याने मऊ पात्याला पास म्हटलं होतं, म्हणजे त्याची नजर, त्याचा काटा, त्याचा तो सगळा ताठा खोटा. नाहीतर त्याने नापास म्हटलं होतं, आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. या दोहोंपैकी कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना. हात गेलेला असणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं. म्हाताऱ्याचा हात जातोच, त्यात लाज कसली? अवजारांच्या डब्यात कानस होती. पक्क्या पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते, कच्च्यात रुतते. इतकी साधी परीक्षा, लहान पोरही करेल. तो डबा त्याच्या पायाशीच होता, आणि इतके दिवस त्याने तो उघडला नव्हता.

त्या दुपारी बायको शेजारी गेली होती. त्याने कानस काढली आणि पात्याच्या पाठीवरून एकदाच ओढली. ती रुतली. चकचकीत चरा उमटला आणि टेबलावर पोलादाचा भुगा सांडला, पिठासारखा. त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. मग त्याने घाईघाईने मुठीच्या खिळ्यांची डोकी घासली, पोगराच्या बोथट सळईने खिळे मागे ठोकले, काळ्या लाकडाच्या दोन्ही फळ्या उचकटल्या. एका फळीचा कोपरा मोडला. पात्याचं शेपूट उघडं पडलं. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात, आणि शेपटाच्या कडेला, जिथे पोचायचा कुणी कंटाळा केला होता तिथे, लाल रंग होता. त्याचा लाल. आणि मग त्याला आनंद झाला. हे पुढे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण खरोखरच आनंद झाला, छाती भरून आली. मी चुकलो नव्हतो, मी नापास म्हटलं होतं, काटा बरोबर होता, हात बरोबर होता. तो खुर्चीवरून उठून उभासुद्धा राहिला. असा तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ लागली, आणि तो पुन्हा बसला.

हे विचारायचं तर मुठ्यालाच. मुठ्या म्हणजे मुठी बसवायच्या खात्यातला कारागीर. दोघं कारखान्यात एकाच दिवशी लागले होते, तेव्हापासूनची अरेतुरे. त्यालाही निरोपाला असाच चाकू मिळाला होता. मुठ्या दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याखालच्या खोलीत राहत होता. गुडघे गेल्यापासून तो खिडकीत बसून असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा. "या नापाससाहेब!" तो आतूनच ओरडला. "आज आमची तपासणी वाटतं?" याने रुमाल सोडला आणि पातं, मोडक्या फळ्या, खिळे त्याच्यापुढे खाटेवर मांडले. मुठ्याने चष्मा लावला. पातं उलटून पाहिलं, लाल रंग पाहिला, आणि मोडलेली फळी उचलून म्हणाला, "फळी का मोडलीस? चांगलं लाकूड होतं."

"हे तू बसवलंस?"

"मग काय माझ्या सासऱ्याने? शेवटच्या वर्षातली सगळी मीच बसवली."

"याच्यावर लाल होता."

"होता की. रॉकेलने पुसला. कडेचा राहिला वाटतं. डोळे दगा द्यायला लागले होते तेव्हा."

"लाल म्हणजे परत भट्टीत."

मुठ्याने चष्मा काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. आधी गंमत वाटल्यासारखं, मग तशी न वाटल्यासारखं. "अरे," तो म्हणाला, "तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"काय ठाऊक नव्हतं?"

"भट्टीला सवड कुठे होती रे? आहे तोच माल उरकत नव्हता. वरून निरोप यायचा, चढव मूठ. मी चढवायचो. रंग शेपटावरच असायचा, मूठ चढली की दिसतोय कुणाला? अधूनमधून एखादी पेटी नेऊन ठेवायचे भट्टीवर, तू तिकडून फेरी मारतोस म्हणून."

रंग शेपटावर द्यायचा हा नियम त्याचाच होता. पूर्वी तो पात्यावरच दिला जायचा. परत भट्टीतून निघालेल्या पात्यावर डाग राहील, चांगला माल उगाच खराब दिसेल, म्हणून त्याने भांडून तो शेपटावर नेला होता. तेव्हा साहेबांनी किती पटकन मान्य केलं होतं, तेही त्याला आता आठवलं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून."

"सगळी?"

"सगळी गेली बाजारात. आणि सांगू का, एक तक्रार नाही आली. लोक घेतात, चार दिवस कापतात, बोथट झालं की म्हणतात आपल्यालाच धार लावता येत नाही." मुठ्या हसला; मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं. "मी तुझ्यापासून लपवलं असं समजू नकोस हां. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तुला माहीत आहे. एवढा डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस, त्याला हे दिसत नसेल? आम्ही म्हणायचो, नापास पक्का आहे, आपलं काम चोख करतो आणि पुढचं बघत नाही. म्हणून तर मान होता तुला."

"मी पुढचं बघत नव्हतो?"

"नव्हतास ना. तुझ्या खोलीपासून माझी खोली किती लांब होती? मधे एक दार. कधी आलास?" हे मुठ्या रागाने म्हणाला नाही. मग कुणाची तरी समजूत घालावी तसा म्हणाला, "चहा टाकायला सांगू?"

त्याने चहा घेतला. साखर जास्त होती, तेही तो बोलला नाही. परतताना रस्त्यावर नेहमीची दुकानं उघडी होती. भांड्यांच्या दुकानात काचेमागे चाकूंची ओळ टांगलेली होती, लहान ते मोठा. तो थांबला. सगळ्यांना मुठी होत्या. या हजारो मुठींखाली आपला लाल रंग पुसलेला आहे, आणि गावोगावच्या स्वयंपाकघरांत बायका टोमॅटो चेपताहेत, नवरे खिडकीपाशी बसून स्वतःचे हात तपासताहेत, असं त्याच्या मनात आलं. लबाड होते ते लोक, हलकट होते. पण त्यांच्यावर तोंडसुख घ्यावं तर जीभ उचलेना. लबाडाने फसवलं तर माणूस चारचौघांत सांगू तरी शकतो. त्याला कुणी फसवलंही नव्हतं. त्यांनी त्याला आपल्यातलाच समजून डोळा मारला होता, आणि त्याने तो मान म्हणून खिशात घातला होता. दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू?" तो म्हणाला, "काही नाही," आणि चालू लागला.

घरी आला तेव्हा मुलगी दवाखान्यातून येऊन टेबलाशी बसली होती. दिवसभर काळोख्या खोलीत लोकांची हाडं पाहून आल्यावर ती थोडा वेळ अशीच बसायची, हात मांडीवर टाकून. केस पांढरे व्हायला लागले होते, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केलेला नव्हता. त्याने रुमाल टेबलावर ठेवला आणि सोडला. "मोडला?" तिने विचारलं.

"मोडला नाही. उघडला." आणि मग तो बोलत सुटला. इतकं तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. शाई, दगड, कानस, लाल रंग, मुठ्या, रॉकेल, भट्टीवरची दाखवायची पेटी. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "एकही नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी नापास म्हणत राहिलो, आणि त्यातलं एकही पातं परत गेलं नाही. मी नसतो तरी तेच झालं असतं. माझ्या शब्दाने या जगात कशाचंही काही अडलं नाही." त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, जाऊ दे बाबा, असं काहीतरी. त्याला ते फार हवं होतं.

मुलगी हसायला लागली. आधी नाकातून, मग उघड, मग तिला थांबताच येईना. डोळ्यांना पाणी आलं, ते तिने तळहाताने पुसलं. तिचं हसणं इतकं मोकळं असतं हे तो विसरून गेला होता. "अगं, हसतेस काय?" दारातून बायको म्हणाली, पण तिचा आवाज दटावण्याचा नव्हता, घाबरल्याचा होता.

"काही नाही, आई," मुलगी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, रिपोर्ट वाचून दाखवावा तशी म्हणाली, "म्हणजे तुमचं ऐकलं ते मी एकटीनेच."

त्या चार मुद्द्यांपैकी एकही त्याला आठवेना, आणि तिला ते नकोही होते. ती उठली. तिने टेबलावरचं पातं, मोडक्या फळ्या, खिळे, पोलादाचा भुगा, सगळं हाताने रुमालात लोटलं आणि त्याची गाठ मारली. हे ठेवायचं की टाकायचं, असं तिने विचारलं नाही. मागच्या दाराने बाहेर गेली आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं.